झुंबर की खुळखुळा

गळांच्या डब्यातून एक गळ उचलायला जावं, तर तो एकटा कधी वर येत नाही. त्याच्या टोकाला दुसरा अडकलेला असतो, दुसऱ्याच्या झालरीत तिसरा. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या तळ्यावरच्या गोष्टींचं माझ्या डोक्यात तसंच झालं आहे. एक आठवली की चार लोंबकळत येतात. मी शाळेत गेलेलो नाही, अक्षरं चाळिशीत साक्षरता वर्गात शिकलो. त्यामुळे लिहितो सावकाश. घाई असेल त्यांनी पुढची पानं चाळावीत, मला राग नाही.

आम्ही धीवर. भंडाऱ्याकडच्या तलावांवर जाळं टाकण्यात माझी पन्नास वर्षं गेली. मुलगा सुनील शिकला, कॉम्प्युटरच्या कामाला अमेरिकेत मिनेसोटात गेला आणि दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात त्यानं मला सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. सूनबाईनं माझ्यासाठी वेगळी खोली लावली होती. खिडकीतून तळं दिसत होतं. एवढ्यानंच माझं निम्मं काम झालं.

•

पहिल्याच आठवड्यात तळ्याकाठी एक उंच, लालबुंद म्हातारा गळ टाकताना दिसला. मी मागे उभा राहून बघू लागलो. त्याचा गळ पाणगवतात अडकला. तो जोर लावून ओढायला लागला, तशी मी त्याच्या हातावर हात ठेवला, दोरी ढिली सोडली, चार पावलं बाजूला जाऊन हलकेच झटका दिला. गळ सुटला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग गळाकडे पाहिलं, आणि दुसरी काठी काढून माझ्या हातात दिली. हा डेल. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, आमच्यापासून तिसऱ्या घरात राहणारा. मला इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी. तीन तास बसलो, काही अडलं नाही.

संध्याकाळी सुनील मला घ्यायला आला. मी गाडीत बसलो.  त्यानं चारही काचा खाली केल्या. मे महिना, गार वारा, आणि आम्ही दोघं कुडकुडत घरी आलो. घरी आल्यावर त्यानं हातावर चोळायला लिंबू कापून दिलं.

मी त्याला दोष देत नाही. लहानपणी शाळेत त्याच्या शेजारी बाकावर कोणी बसायचं नाही, वासामुळे. ते त्यानं मला कधी सांगितलं नाही, मास्तरांनी सांगितलं होतं.

•

आमच्यात तिसरे आपटे सर. सांगलीच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी आणि माझा सुनील एकाच ऑफिसात, तेही सहा महिन्यांसाठीच आलेले. सर अंडंसुद्धा खात नाहीत. पण त्यांना आमच्या दोघांमध्ये दुभाषा म्हणून बसवलं आणि ते असे रमले की पाऊस असला तरी छत्री घेऊन हजर.

गळाच्या दुकानात सर प्रत्येक पाकीट चष्मा वर करून वाचायचे. डेल बास नावाच्या माशाच्या मागे होता, आणि त्याच्या मते बासला एकच गळ लागतो, स्पिनरबेट. म्हणजे वाकवलेली तार, वरच्या टोकाला गरगर फिरणारे चकचकीत पत्रे, खाली रबरी झालर आणि झालरीत लपलेला काटा. मी त्याला झुंबर म्हणू लागलो. त्या साली दुकानात एक नवं निघालं होतं, ब्लेडेड जिग. त्यात पत्रा काट्याच्या अगदी तोंडासमोर बसवलेला. ओढला की फिरत नाही, थडथड हलतो. तो झाला खुळखुळा.

सरांनी खुळखुळ्याबद्दल मासिकात दोन पानं वाचली आणि त्याच दिवशी त्या पक्षात गेले.

डेल म्हणाला, "तीस वर्षं मी हेच वापरतोय."

सर म्हणाले, "तीस वर्षं एकच उत्तर लिहिणाऱ्याला मी नापास करत असे."

"सर, तुम्ही मासा खात नाही, धरत नाही," मी म्हटलं, "मग एवढा वाद कशाला?"

"नामदेवराव, मी शाकाहारी आहे. अडाणी नाही."

एवढं बोलले आणि जीभ चावली. माझ्याकडे बघेनात. मी म्हटलं, "सर, मी अडाणी आहे, पण शाकाहारी नाही. दोघांचं मिळून एक पूर्ण होतं." हे त्यांनी डेलला इंग्रजीत सांगितलं. डेल इतका हसला की हातातलं पाकीट दुकानदारानं काढून घेतलं.

•

आता माझी फजिती.

पहिला मोठा बास डेलनं धरला. हिरवट पाठ, तोंड केवढं! त्यानं तो दोन हातांत घेतला, वाकला, आणि मासा पाण्यात गेला.

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, म्हाताऱ्याचे हात थरथरतात, निसटला बिचाऱ्याचा. मी दुसरीकडे जाऊन गळ टाकला. अर्ध्या तासात एक लागला, तो नेऊन डेलच्या हातात दिला. म्हटलं, घे बाबा, घरी घेऊन जा. डेल खूश झाला, माझी पाठ थोपटली, आणि तोही सोडून दिला.

मी म्हटलं, दुसऱ्यांदा निसटला! आता माझ्या अंगातला जुना धीवर जागा झाला. तिसरा धरला. या वेळी त्याच्या हातात द्यायच्या आधी शर्टाच्या टोकानं माशाचं अंग नीट पुसून दिलं, घसरू नये म्हणून.

डेलचा चेहरा पडला. अंगावरची चिकटाई पुसली तर मासा जगत नाही, हे मलाही माहीत होतं. पण आमच्याकडे धरलेल्या माशाला जगायचं कुठे असतं?

सरांनी शेवटी समजावलं. "नामदेवराव, ते मुद्दाम सोडतात."

"मग धरतात कशाला?"

सरांनी विचारलं. डेल पाण्याकडे बघत दोन शब्द बोलला.

सर म्हणाले, "तो म्हणतो, भेटायला."

पन्नास वर्षांत मी किती मासे धरले त्याचा हिशेब नाही. भेटलो एकालाही नव्हतो. त्या दिवसापासून मी आधी दोन्ही हात पाण्यात बुडवून ओले करायचो आणि मगच माशाला हात लावायचो. हे काही मी डेलकडून शिकलो नाही. सुनील लहान होता तेव्हा तलावात सोडायची छोटी पिलं कशी हाताळायची, ते मीच त्याला असं शिकवलं होतं. विसरून गेलो होतो.

•

तिथे गळ टाकायचा तर लायसन लागतं. दुकानातली मुलगी सरांना विचारत होती आणि सर मला. नाव, उंची, वजन.

मग सर म्हणाले, "डोळ्यांचा रंग?"

मी म्हटलं, "सर, हे सत्तर वर्षांत कोणी विचारलं नाही. बायकोनंही नाही."

त्यांनी वाकून माझ्या डोळ्यांत पाहिलं. "तपकिरी," म्हणाले, "मोतीबिंदू सोडून."

आमच्याकडे तलावाचा ठेका मच्छीमार सोसायटीच्या नावाचा. माझ्या एकट्याच्या नावाचा, मला मासे धरायची परवानगी आहे असं सांगणारा कागद मी पहिल्यांदाच हातात घेतला. घरी येऊन फ्रिजवर चुंबकानं लावला. शनिवारी सुनीलचे ऑफिसातले मित्र जेवायला आले, तेव्हा कागद तिथे नव्हता. खणात सापडला.

"हरवेल म्हणून ठेवला, बाबा," सुनील म्हणाला.

जेवताना एकानं मला विचारलं, "काका, तुम्ही इंडियात काय करायचात?" माझ्या आधी सुनीलनंच उत्तर दिलं. "बाबा फिशरीजमध्ये होते."

"अरे वा, ऑफिसर?"

सुनीलनं त्याच्या ताटात भात वाढला.

•

झुंबर आणि खुळखुळा यांचा सामना अखेर ठरला. एक तास झुंबर, एक तास खुळखुळा. हात माझे, कारण दोन्ही पक्षांचा एकमेकांवर विश्वास नव्हता.

पहिल्या तासाला वारा होता, पाण्यावर लाटा. झुंबराला तीन मासे लागले. डेल काठावर फेऱ्या मारून छाती काढून दाखवत होता. मग वारा पडला. मी गवताच्या कडेकडेनं खुळखुळा ओढला, त्यालाही तीनच. सर म्हणाले, "वाऱ्याची मदत न घेता तीन!" डेल म्हणाला, झुंबर आधी फिरलं म्हणूनच मासे जागे झाले. मग दोघं माझ्याकडे वळले.

मी म्हटलं, "झुंबर माशाला दिसतं. खुळखुळा माशाला जाणवतो. पाणी हलत असेल, बुडालेल्या फांद्या असतील, तर झुंबर. पाणी गढूळ, गवत विरळ, तर खुळखुळा. बोटांना त्याची भुणभुण लागते. ती थांबली की समजायचं, एक तर गवत आलं, नाही तर तो आला."

"यातलं मासिकात निम्मंही नव्हतं," सर म्हणाले. मग जरा घुटमळून, "मी एकदा टाकून बघू का?"

त्यांनी टाकला. पहिल्याच फेकीत डेलची टोपी गेली. दुसऱ्या फेकीत मासा लागला. सरांनी ओरडत ओरडत तो काठापर्यंत आणला आणि काठी माझ्या हातात देऊन दहा पावलं मागे पळाले. फोटोसुद्धा तिथेच उभं राहून डेलकडून काढून घेतला. त्या फोटोत पुढे मी आणि मासा आहोत, आणि मागे झाडाजवळ हात जोडून उभे असलेले आपटे सर.

"घरी सांगू नका," म्हणाले. "पण मी धरलाय हे विसरूही नका."

•

ऑगस्टमध्ये सुनीलच्या ऑफिसची सहल निघाली, दुसऱ्या एका तळ्यावर. सगळे आपापल्या घरच्यांना घेऊन. सुनीलची साहेब बाई, लिंडा, हिला गळाचा भारी नाद. सुनीलचे वडील फिशरीजमधले मोठे अधिकारी आहेत, हे तिच्यापर्यंत पोचलं होतं. तिनं मुद्दाम निरोप धाडला, त्यांना आणाच.

दोन दिवस सुनील नीट जेवला नाही. निघताना म्हणाला, "बाबा, तिथे कोणी काही विचारलं तर फक्त मान हलवा. बोलायचं ते आपटे सर बोलतील."

"बरं," मी म्हटलं. त्याच्या तोंडाकडे बघून दुसरं काय म्हणणार? एवढ्या लांब येऊन त्यानं मान मिळवला होता. माझ्यामुळे तो जाऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं.

सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "खोटं बोलायची सवय नाही मला. पण पोरासाठी बोलेन."

तळ्यावर लिंडा आमची वाटच बघत होती. एका हातात झुंबर, दुसऱ्या हातात खुळखुळा. भोवती पंधरावीस माणसं. आज कोणता, असं तिनं विचारलं.

मी मान हलवली.

तिला कळेना. तिनं पुन्हा विचारलं. मग मला राहवेना. काठावर उकिडवा बसलो, पाण्यात हात घातला. पाणी गढूळ. गवत होतं, पण विरळ. मी खुळखुळ्याकडे बोट दाखवलं.

चौथ्या फेकीला काठी अशी वाकली की लिंडाच पाण्यात जाते की काय असं झालं. मासा मोठा होता. पण गळ त्यानं आतपर्यंत घेतला होता, पार कल्ल्यांपाशी. लिंडा पकडीनं ओढायला लागली आणि रक्त आलं. ती घाबरली, मासा तडफडायला लागला. मी उठायला गेलो, पण गुडघे उठू देईनात.

सुनील तिच्या शेजारी उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसला आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवले.

बाह्यासुद्धा वर केल्या नाहीत. ओल्या हातानं मासा घेतला, कल्ल्याच्या बाजूनं बोट आत घातलं, काटा उलटा फिरवला आणि बाहेर काढला. मला जमलं असतं त्याच्यापेक्षा लवकर. मग माशाला पाण्यात धरून बसला, तो आपणहून शेपटी मारून जाईपर्यंत.

 लिंडानं काहीतरी विचारलं. सर घसा खाकरून पुढे झाले. सुनीलनं हातानंच त्यांना थांबवलं आणि तसाच, उकिडवा बसून, इंग्रजीत बोलला. बराच वेळ बोलला. मधे एकदा दोन्ही हात पसरून जाळं फेकल्यासारखं केलं.

"सर, काय म्हणतोय?" मी विचारलं.

सर चष्मा पुसत होते. "तुमच्याबद्दल बोलतोय," म्हणाले. "खोटं बोलायला मला काही ठेवलं नाही त्यानं."

लिंडा आली आणि माझा हात दोन्ही हातांत धरून उभी राहिली. माझा हात ओला होता, तिचाही.

परत निघालो. शर्टाला रक्त, बाह्यांना चिकटाई, गाडीत बासचा वास भरून राहिलेला. मी सवयीनं माझ्या बाजूची काच खाली करायला लागलो.

"राहू द्या, बाबा," सुनील म्हणाला. "बंदच असू द्या."