लोह्याच्या अलीकडचा पांढरा धूर

सांगली सोडताना मी निर्धास्त होते. चोवीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतेय. लातूरजवळच्या एका अग्निशमन प्रशिक्षण महाविद्यालयाने घातक रसायनांवर आठवडाभर शिकवायला बोलावलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. पुस्तकं भरली, एसटीत बसले. मनात पहिली शंका आली ती तुळजापूरच्या घाटात. मी आजवर आम्ल पाहिलं होतं ते काचेच्या भांड्यात, फार तर अर्धा लिटर. आणि शिकवायचं होतं अशा पोरांना, जी उद्या भरलेल्या टँकरसमोर उभी राहणार होती. लातूर येईपर्यंत ही शंका काही गेली नाही.

महाविद्यालय गावाबाहेर आहे. चहूकडे काळं रान, तूर उभी, वर नुसतं आभाळ. त्यात एकच तीन मजली इमारत, खिडक्यांना काच नाही आणि प्रत्येक खिडकीच्या वर काजळीचा लांबट डाग. तिथले सगळे तिला 'धुराचं घर' म्हणतात. मला घ्यायला सय्यद उस्ताद आले होते. शहराच्या अग्निशमन दलात उभा जन्म काढून निवृत्त झालेले, आता इथले मुख्य प्रशिक्षक. डाव्या कानाची पाळी भाजून चिकटलेली. मी तिकडे पाहायचं टाळत होते, हे त्यांनी ओळखलं.

"बघा मॅडम, बिनधास्त बघा," ते म्हणाले. "घाई केली होती. आगीपेक्षा घाईच माणसं जास्त मारते."

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा परतलेला पदार्थ) होती. दोन घास खाल्ले असतील, तोच उस्ताद म्हणाले, "पोरांना शिकवायचंय तर एकदा धुराच्या घरात जाऊन या."

पाठीवर हवेचा जड सिलिंडर, तोंडावर मुखवटा. माझ्यापुढे शिवकांता ही प्रशिक्षणार्थी होती. मुखेडची, तिथे तिच्या वडिलांचं किराणा दुकान. सड्या अंगाची, कमी बोलणारी. तिचा घोटा धरून रांगत जायचं, एवढंच माझं काम. दार बंद झालं आणि माझा स्वतःचा हात मला दिसेना. कानात फक्त माझाच श्वास, विहिरीत कोणी घागर ओढावी तसा. दुसऱ्या वळणावर माझी खात्री पटली की हवा संपली. मी मुखवट्याचा पट्टा ओढला. तिने मागे वळून माझं मनगट घट्ट पकडलं.

"काढू नका मॅडम. हवा ह्यातच हाय. बाहेर न्हाई."

बाहेर आल्यावर मी पायरीवर बसून राहिले. ती पाणी घेऊन आली. तुला भीती वाटत नाही का, मी विचारलं.

"वाटती की. लई वाटती. मंग मी श्वास मोजून राहते. धापर्यंत गेलं की पुन्हा एकपासून."

पाचव्या दिवशी नांदेडच्या एका शाळेत प्रात्यक्षिक होतं. सकाळी महाविद्यालयाच्या बसमधून निघालो. वीस पोरंपोरी, उस्ताद आणि मी. मागच्या बाकांवर चार श्वसनसंच आणि आम्लापासून वाचवणारे दोन पोशाख, शाळेत दाखवायला म्हणून घेतलेले. अहमदपूरला चहा झाला. बालाघाटाचे उघडे माळ मागे पडले, पोरं गाणी म्हणत होती. लोह्याच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली आणि गाणी थांबली.

पुढच्या वळणावर रस्त्याच्या कडेला टँकर आडवा पडला होता. त्याच्या पोटाजवळून पांढरा धूर निघत होता. तो वर जात नव्हता. जड, ओल्या कापसासारखा जमिनीलगत पसरत नाल्यात उतरत होता. वारा आमच्याकडून तिकडे होता, नाहीतर हे लिहायला मी नसते. केबिनमधून एक हात बाहेर आला होता आणि पत्र्यावर आपटत होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

उस्तादांनी काठीला शिवकांताची ओढणी बांधून वाऱ्याची दिशा पाहिली. पोरांना दोन्ही बाजूंनी लोक हटवायला पाठवलं, नांदेडच्या अग्निशमन दलाला फोन केला. गाडी यायला वेळ लागणार होता. मग ते माझ्याकडे वळले.

"मॅडम, काय आहे आत?"

अशा टँकरवर चार आकडी क्रमांकाची पाटी असते. त्या क्रमांकावरून रसायन ओळखायचं, हे मीच चार दिवस शिकवलं होतं. पण पाटीची बाजू खाली, मातीत दबली होती. पांढरा धूर हायड्रोक्लोरिक आम्लाचाही असतो. त्यावर पाण्याचा फवारा मारला तर धूर बसतो. आणि पांढरा धूर ओलियमचाही असतो, म्हणजे सल्फ्युरिक आम्लाच्या सगळ्यात जहाल प्रकाराचा. त्यावर पाणी पडलं तर ते उकळून उसळतं, दसपट धूर होतो आणि जवळचं माणूस जिवंत राहत नाही.

तेवढ्यात शेतातून एक ट्रॅक्टर आला, मागे पाण्याचा टँकर. फेटेवाला शेतकरी खाली उडी मारून नळी सोडू लागला.

"सरका! पाणी मारतो. धुऊन निघंल सगळं!"

"थांबा काका! पाणी नको."

"नको कशापायी? माणूस मरून राहिलाय तिथं!"

मागून चारपाच जण ओरडले, "ह्या बाई कोण? मारा पाणी!" उस्ताद माझ्याकडे पाहत होते. हो म्हणावं, असं मला किती वाटलं! सगळे तेच मागत होते. मी नळीच्या तोंडापुढे जाऊन उभी राहिले, धाडस म्हणून नाही, दुसरं काही सुचेना म्हणून.

"आत काय आहे ते मला माहीत नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "माहीत नाही म्हणूनच पाणी मारायचं नाही."

केबिनवरचा हात आता सावकाश आपटत होता. माझं चुकलं असेल तर तो माणूस माझ्यामुळे जाणार होता.

उस्तादांनी एकदाच मान डोलावली. "बसमधले पोशाख बाहेर काढा. शिवकांता, माधव."

माधव पोरांतला सगळ्यात दांडगा मुलगा. शिवकांताने गळ्यातलं लिंगायतांचं इष्टलिंग आत खोचलं, पोशाखाची चेन ओढली, मुखवटा चढवला. मुखवट्यामागे तिचे ओठ हलताना मला दिसले. ती मोजत होती. मग दोघं धुरात गेली आणि दिसेनाशी झाली.

मीही मोजायला लागले. दहा, पुन्हा एक. किती वेळा, आठवत नाही. फेटेवाले काका माझ्या शेजारी नळी धरून उभे होते. काच फुटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. उस्तादांच्या कपाळावरून घामाचा ओघळ नाकावर आला तरी त्यांनी तो पुसला नाही.

आधी माधवची पाठ दिसली. तो वाकून ओढत होता, शिवकांताने पाय उचलून धरले होते. ड्रायव्हरच्या डाव्या पायाची विजार चाळणी झालेली आणि त्याखालचं मी सांगत नाही.

"कपडे कापा! आता पाणी, काका, आता! अंगावर. धो धो सोडा!" मी ओरडले.

काका गोंधळले. "आत्ता तर नको म्हणला!"

"टँकरवर नको. माणसावर हवं, भरपूर."

त्यांनी नळी सोडली आणि पाण्याचा टँकर रिकामा होईस्तोवर धरून ठेवली. पाण्याखाली ड्रायव्हर किंचाळत होता, आणि तो किंचाळतोय याचाच सगळ्यांना धीर आला. शिवकांताने केबिनमधून ओढून आणलेली प्लॅस्टिकची पिशवी माझ्या हातात दिली. आत गाडीचे कागद होते. मी तिसऱ्या कागदावर ते नाव वाचलं. ओलियम.

मी रस्त्यावरच बसले. काकांनी कागद उलटा धरून पाहिला, मग विचारलं, "म्हंजी, म्या पाणी मारलं असतं तर?"

"ह्याच्या दसपट धूर," मी म्हणाले. त्यांनी फेटा काढला आणि माझ्या शेजारी मातीत बसले.

नांदेडच्या दलाची गाडी आल्यावर टँकर त्यांच्या ताब्यात दिला आणि दुपारी नांदेडला पोचलो. ड्रायव्हरला रुग्णालयात नेलं होतं. पाय जाईल की राहील ते सांगता येत नाही, पण जीव वाचला, असं कळलं. शाळेतलं प्रात्यक्षिक रद्द झालं. उस्ताद सगळ्यांना गुरुद्वाऱ्यात लंगरला (सर्वांसाठीची पंगत) घेऊन गेले. डाळ वाढली गेली, पण शिवकांताने रोटीला हात लावला नाही. मी तिच्या रोटीचे तुकडे करून दिले. नंतर गोदावरीच्या घाटावर ती एकदम म्हणाली, "तो मला आई म्हनत होता, मॅडम. माझ्या बापाएवढा मानूस." आणि मग पहिल्यांदा रडली.

दोन दिवसांनी परत आले. एसटीत झोप लागली नाही. डोळे मिटले की पत्र्यावरचा हात दिसे.

सोमवारी प्रयोगशाळेत प्रथम वर्षाची मुलं उभी होती. कपाटातून सल्फ्युरिक आम्लाची बाटली काढली. आजवर हजारदा काढली असेल, पाठ फिरवून गप्पा मारत. त्या दिवशी मी ती दोन्ही हातांनी धरली आणि बूच उघडवेना.

"मॅडम, काय झालं?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"भीती वाटतेय," मी म्हणाले. मुलं हसली. मी त्यांचं हसून होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "जवळ या. ही का वाटायला हवी ते आधी सांगते. बाटली नंतर उघडू."