मेलेल्याच्या अंगावरचं घ्यायचं नाही

खेळाचे नियम मी शाळेच्या टाचणवहीच्या शेवटच्या पानावर लिहिले होते. पुढच्या पानांवर चौथीचा भूगोल, मागे हे. एकदा वह्या तपासताना मुख्याध्यापिकाबाईंनी नेमकं तेच पान उघडलं. सगळं वाचलं आणि विचारलं, "हे मुलांसाठी आहे का?"

"नाही, माझ्यासाठी," मी म्हटलं.

त्यांनी सही न करता वही परत दिली.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. इंदिरानगरमध्ये आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. वडील देवळाली कॅम्पमधल्या एका कचेरीत कारकून होते, आई घरी असायची आणि मी एका खासगी शाळेत शिकवायचे. धाकट्या भावाला पुण्यात नोकरी लागली तेव्हा त्याचा कॉम्प्युटर आमच्या हॉलमध्येच राहिला. आईने त्यावर भरतकामाचं कापड घातलं होतं. सोबत एका खेळाची सीडी होती. त्या खेळात एक अख्खा मुलूख होता. डोंगर, समुद्र, गावं, जादूगार, राक्षस असं सगळं. त्यात आपण एक माणूस तयार करायचा आणि वाटेल तिकडे जायचं. कुठे जा, काय कर, हे कुणी सांगत नाही.

शाळा सकाळची होती. दुपारी जेवून मी बसायचे. पहिले सहा महिने मी सगळे खेळतात तशीच खेळले. कुणाच्याही घरात घुसायचं, घरधनी समोर उभा असताना त्याच्या टेबलावरचा पाव खायचा, त्याच्याच पलंगावर झोपायचं. लढाईत जखम झाली की खेळ थांबवून एका दमात दहा-बारा भाकऱ्या खायच्या, तोवर समोरचा तलवार उगारून ताटकळत उभा. कुणी मेलं की त्याच्या अंगावर क्लिक करायचं. मग एक यादी उघडायची: सदरा, जोडे, अंगठी, अर्धा पाव. खाली बटण असायचं, सगळं घ्या. मी ते न बघताच दाबायचे. माझ्या माणसाच्या पिशवीत मेलेल्यांचे जोडेच सात-आठ जोड होते. मला त्यात काही वाटत नव्हतं.

मग आत्या गेली.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर वारला, तेव्हापासून घोटीला एकटीने तांदळाचं दुकान चालवायची. गुडघे गेल्यावर ती आमच्याकडे आली आणि नऊ-दहा वर्षं आमच्यातच राहिली. मी आणि ती एका खोलीत झोपायचो. ती बोलायला खरखरीत, पण माझी बाजू घेणारी होती. तिच्या हातात दोन सोन्याच्या पाटल्या होत्या. हात सुजल्यापासून त्या निघत नव्हत्या, आणि तीही काढायचं नाव घेत नव्हती.

एका सकाळी चहा पिता पिता ती भिंतीला टेकली, ती टेकलीच. दहा वाजेपर्यंत घर माणसांनी भरलं. कॅम्पातून काका-काकू आले, त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा आला. पुरुष खाली पार्किंगमध्ये बांबू, मडकं बघत होते. आतल्या खोलीत आत्याला खाली घेतलं होतं. काकूने पदर खोचला आणि तिच्या उशाशी बसून पाटली ओढली. पाटली अंगठ्याच्या हाडापाशी अडली.

"साबण आण गं," काकू मला म्हणाली.

मी न्हाणीघरातली वडी आणली.

"हा नको. भांड्यांचा आण. तो जास्त निसरडा असतो."

भांड्यांचा साबण मागच्या गॅलरीत नळापाशी असायचा. मी तिकडे गेले, वडी उचलली. तिला सकाळच्या पोह्यांचे दाणे चिकटले होते. ते मला दिसले, पण धुवायचं सुचलं नाही. तशीच वडी मी काकूच्या हातात दिली. तिने आत्याच्या हाताला फेस केला, एका बाईने दंड धरला, दुसरीने बोटं एकत्र दाबली. "जरा तिरकी करा," कुणीतरी म्हणालं. फेसातून एक ओला आवाज येत होता, चिखलातून पाय काढताना येतो तसा. अंगठ्याखालची कातडी चुरगळत वर सरकली आणि पांढरी पडून तिथेच राहिली. रक्त आलं नाही. दोन्ही पाटल्या निघाल्यावर काकूने त्या पदराला पुसल्या आणि आईच्या हातात दिल्या. आत्याच्या मनगटावर पोह्याचा एक पिवळा दाणा राहिला होता. तो कुणी काढला नाही. मीही काढला नाही.

तेरावं झाल्यावर आईने मला कपाटापाशी बोलावलं. "या तुझ्या लग्नासाठी ठेवल्यात. आत्याने मला तसं सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली.

"त्या दिवशी असं ओढून काढायची काय गरज होती?"

"मग सोन्यासकट न्यायचं का? सगळीकडे असंच करतात."

सगळीकडे असंच करतात, हे मलाही कळत होतं. तरी दुपारी जेवताना ताटातल्या भाताला हात लावला आणि बोटांना तो साबण लागल्यासारखं झालं. मी ताट तसंच ठेवून उठले आणि करायला काहीतरी हवं म्हणून खेळ लावून बसले. रस्त्यावर एक दरोडेखोर आडवा आला. मारला. त्याच्यावर क्लिक केलं. यादी उघडली: सदरा, जोडे, अंगठी.

अंगठी या शब्दावर मी खुर्ची मागे सारली. मी बेसिनपाशी जाऊन ओकले. आईला वाटलं, जेवण बाधलं.

त्याच दिवशी मी तो माणूस पुसून टाकला, एक नवी बाई तयार केली आणि टाचणवहीचं शेवटचं पान उघडलं. पहिला नियम लिहिला: मेलेल्याच्या अंगावरचं काही घ्यायचं नाही. मग हात थांबेना. बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात शिरायचं नाही. दिवसातून दोनदा बसून जेवायचं, लढाईत खायचं नाही. अंधार पडला की झोपायचं, तेही स्वतःच्या किंवा पैसे देऊन घेतलेल्या अंथरुणावर. जायचं तिथे पायी जायचं, नकाशावर बोट ठेवून उडी मारायची नाही. बाईच्या पाठीला पेलेल तेवढंच ओझं. आणि शेवटचा: जे झालं ते झालं, मागे जाऊन पुन्हा खेळायचं नाही. मध्येच वीज गेली तर बाईला चक्कर आली असं धरायचं. त्या वर्षी भारनियमन इतकं होतं की तिला आठवड्यातून तीन-चारदा चक्कर यायची.

भावाला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मग खेळायचं तरी कशाला?"

पण मला ते फार बरं वाटायचं. माझी बाई गोणपाटाचे कपडे घालून रानात झाडपाला गोळा करायची आणि समुद्राकाठच्या एका वस्तीत नेऊन विकायची. तिथे निळा झगा घातलेली एक दुकानदारीण होती. खेळातली माणसं तीच तीन-चार वाक्यं बोलतात, तशी तीही बोलायची. तरी मी तिच्या दुकानापाशी चार दिवसांनी पोचले की मला माणसात आल्यासारखं वाटे. जाताना वाटेत कुणी मेलेलं दिसलं तर मी वळसा घालून जायचे. आपण स्वच्छ आहोत, असं मला वाटायचं. खोटं कशाला बोलू, वर्गात मुलांपुढे उभं राहतानाही वाटायचं.

चार-पाच महिन्यांनी काकांचा मुलगा परीक्षेसाठी आमच्याकडे चार दिवस राहायला आला. त्याचं केंद्र आमच्या घराजवळ होतं. तिसऱ्या दिवशी त्याला पेपर नव्हता. मी शाळेतून आले तर तो कॉम्प्युटरसमोर मांडी घालून बसलेला.

"ताई, तुझी बाई पार भिकारी होती यार. ये, बघ, कसली सेट करून दिली."

पडद्यावर माझी बाई निळा झगा घालून उभी होती.

"हा झगा कुठून आणलास?"

"ती समुद्राजवळची दुकानवाली. दोन फटक्यांत गेली. सगळं दुकान साफ केलं. किल्ल्या पण मिळाल्या."

"जुना खेळ ठेवलायस?"

"त्याच्यावरच सेव्ह केला ना."

खुर्चीच्या पाठीला धरून मी उभी राहिले. "तू तिचे कपडे काढलेस," मी म्हटलं.

तो हसला. "मेलेल्या बाईला कपडे कशाला लागतात?"

त्याच्या पुढ्यात आईने दिलेली चिवड्याची वाटी होती. त्याची तेलकट बोटं माऊसवर, कीबोर्डवर सगळीकडे उमटली होती. मला त्याची, त्या बोटांची, त्याच्या हसण्याची अशी शिसारी आली की तोंडातून निघून गेलं, "आईवर गेलायस."

"म्हणजे?"

मग मी त्याला सांगितलं. तो त्या दिवशी पुरुषांबरोबर होता, त्याला आतलं काही माहीत नसणार असं धरून मी सगळं सांगितलं. काकूने पदर कसा खोचला, फेस कसा केला, कातडी कशी सरकली, पाटल्या कशा पुसल्या. सांगताना माझा आवाज चढला नाही. उलट फार शांत, मोजकं बोलत होते, वर्गात बोलते तशी. त्याचा चेहरा उतरत गेला आणि ते बघून मला बरं वाटत होतं.

माझं झाल्यावर त्याने वाटी बाजूला सारली. मग म्हणाला, "मी मागच्या बाजूला खाली उभा होतो, पाणी भरत. गॅलरीतून साबण उचलून तू आत गेलीस."

मी माऊसवरचं तेल पुसू लागले.

"आणि त्या पाटल्या कुठेयत आता?"

पाटल्या चार हातांवरच्या कपाटात होत्या. त्याने तिकडे बघितलंही नाही. उठून हात धुतले आणि पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेला. दुसऱ्या दिवशी शेवटचा पेपर देऊन परस्पर बसने घरी गेला. आई विचारत राहिली, असा न सांगता कसा गेला.

त्याच्याबद्दलची शिसारी तिथल्या तिथे संपली होती. आता मला स्वतःचीच किळस येत होती. साबण आणला याची नव्हे. तो कुणीही आणला असता. मी एवढं बारीक सांगितलं, कातडीचा रंगसुद्धा सांगितला, आणि त्यातून स्वतःला अलगद बाहेर काढून ठेवलं, याची. कुठलाही विचार न करता मला ते जमलं होतं.

मागे जायचं नाही हा नियम होताच. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाईला दुकानात नेलं. दुकानदारीण फळ्यांवर पालथी पडली होती, अंगात नुसतं आतलं कापड. त्या खेळात मेलेल्याच्या यादीत वस्तू परतही ठेवता यायच्या. मी झगा ठेवला, जोडे ठेवले, किल्ल्या, बाटल्या, सुकवलेला पाला, एकेक करून सगळं ठेवलं. झगा तिच्या अंगावर पुन्हा दिसू लागला. मग मी बाईला दाराशी उभं केलं आणि बघत बसले. काहीच झालं नाही. आठ दिवसांनी गेले तरी ती तशीच. ना माशी, ना वास, ना फुगलेलं पोट. तिथे कुणी मेलं तरी कुणाला काही करावं लागत नाही. उचलावं लागत नाही, धुवावं लागत नाही, हात बरबटत नाहीत. ते स्वच्छ, न कुजणारं मढं बघून मला ओकले त्या दिवसापेक्षा जास्त मळमळलं. त्यानंतर मी तो खेळ लावला नाही.

वर्षश्राद्धाला काकू आली. मुलाने तिला काय सांगितलं होतं कोण जाणे. आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. मान वर न करता ती म्हणाली, "त्या दिवशी सगळ्या जणी भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. तुझी आई तर दारातसुद्धा येईना. वन्संच्या अंगाला हात लावायला कुणीतरी हवं होतं ना? मी महिनाभर हाताने भात कालवला नाही. चमच्याने खायचे."

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"तू विचारलंस कुठे?"

मी तिची माफी मागायला हवी होती. मनात वाक्य जुळवत राहिले तोवर भटजी आले आणि ती उठली. पुढेही मागितली नाही. लग्नात मी त्या पाटल्या घातल्या, लोकांनी छान दिसतात म्हटलं, काकूने स्वतः माझा हात धरून माझ्या नव्या जावेला दाखवला.

काकांच्या मुलाशी आता माझं बरं आहे. आम्ही फोनवर पोरांच्या शाळांबद्दल, कॅम्पातल्या घराच्या गळतीबद्दल बोलतो. दोन वर्षांपूर्वी काका गेले तेव्हा त्यांना आंघोळ घालायला तोच पुढे झाला. मीही आत गेले, पाण्याचा तांब्या धरून उभी राहिले. काकांच्या कानामागे साबण राहिला होता. "इथे," मी म्हटलं, आणि बोटाने पुसला. त्याने माझ्याकडे बघितलं, पुढचा तांब्या मागितला. मला तेव्हाही किळस आली. ती गिळून मी पाणी देत राहिले.