हात लावण्याआधी

गायीवर गोमूत्र शिंपडलं, तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते. खांद्यापर्यंत रक्त आणि चिकट पाणी. मला हात धुवायला अजून कुणी पाणी दिलं नव्हतं.

सोनगीरच्या पलीकडचं गाव. मी जवळच्या गुरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. नोकरीला आठ महिने झाले होते. सकाळी फोन आला, गाय अडलीय. डॉक्टरसाहेब रजेवर. त्यांना फोन लावला, ते म्हणाले, बघा जमतंय का. मी स्कूटी काढली.

वासराचे पाय बाहेर, डोकं आत. मान मागे वळलेली. मी हात घालून ती मान शोधत होते. गायीला कळ आली की माझा हात हाडात चेपायचा, बोटं बधिर व्हायची. थांबायचं. कळ ओसरली की पुन्हा. दीड तास असाच गेला. शेवटी खालचा जबडा बोटांना लागला. मान सरळ केली, दोरी लावली, घरच्या दोघांनी ओढलं. कालवड. पण निपचित. मी तिच्या नाकात गवताची काडी घातली, छाती चोळली, पुन्हा काडी घातली. ती शिंकली.

तेव्हा मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. यासाठीच आपण शिकलो, एवढं कळलं.

मालक म्हातारे. गाव त्यांना आबा म्हणायचं. खूश होऊन त्यांनी विचारलं, "ताई, कोनतं गाव तुमनं?"

"धरणगाव."

"आडनाव?"

मी सांगितलं. आबांचा चेहरा बदलला. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती आत गेली, तांब्या घेऊन आली. आधी गायीवर शिंपडलं. मग कालवडीवर. मग मी गुडघे टेकले होते त्या जागेवर.

"वाईट वाटी लेऊ नका," आबा म्हणाले. "रीत शे आमनी. पुढला टाइमले डॉक्टरसाहेबलेच धाडजा."

"चीक लगेच पाजा," एवढं मी सांगितलं आणि सामान गोळा करून निघाले. हायवेवरच्या पेट्रोलपंपाच्या नळावर हात धुतले. तांब्याचा राग होताच. त्याहून जास्त राग माझा मला आला. चीक पाजा म्हणाले मी. त्यांच्या भल्याचं सांगून आले.

घरी सांगायची सोय नव्हती. माझ्या आजोबांनी गावची मेलेली ढोरं ओढली. बौद्ध झाले त्या वर्षी ते काम सोडलं, त्यापायी मार खाल्ला. मी पशुवैद्यकीचा डिप्लोमा घेतला तेव्हा वडील चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "तुना आजा ढोरेसना कामतून सुटना. नि तू परत तठेच चालनी?" त्यांना मी कसं सांगणार होते की मला जिवंत जनावराचं वेड आहे? शेळीच्या पोटाला कान लावून मी लहानपणी तासभर बसायचे. घरात ते कुणालाच कळलं नाही. आता फोन करून तांब्याचं सांगितलं असतं, तर वडील म्हणाले असते, मग काय सांगत होतो मी.

म्हणून साहेबांना सांगितलं. डॉक्टरसाहेब सज्जन माणूस. आवाज कधी चढवला नाही. म्हणाले, "मनावर घेऊ नका. तुम्ही त्या गावांना जाऊच नका. मी बघतो. तुम्ही इथलं रजिस्टर सांभाळा."

आधी ते एक गाव सुटलं. मग शेजारची दोन. मग सगळीच. खात्याच्या ग्रुपवर त्या कालवडीचा फोटो आला. साहेब तिच्या गळ्यात हात टाकून बसलेले. खाली अभिनंदनाचे अंगठे. मीही एक अंगठा टाकला.

वर्षभर मी लसींची नोंद केली, जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर संगणकात भरले. शिपाई चहा आणायचा, ठेवून जायचा. दुपारी दवाखान्यात मी एकटी असायचे. खोलीवर गेले की तिथंही एकटीच. आई फोनवर म्हणायची, "खुर्चीवर बसीसन काम शे, पंखा शे. आनखी काय पाहिजे तुले?" तिचा जन्म कापूस वेचण्यात गेला. तिला खुर्ची म्हणजे सगळं. मी म्हणायचे, "हो, काही नको." फोन ठेवला की हाताकडे बघायचे. हातांना साबणाचा वासही येईनासा झाला होता.

मग एका दुपारी आबा स्वतः आले. मोटरसायकलवर मागे बसून.

"डॉक्टरसाहेब कोठे शेतस?"

"धुळ्याला. मीटिंग आहे."

ते दारातच उभे. म्हैस सकाळपासून अडली होती. तीन गावं फिरून आले होते, दुसरा डॉक्टर मिळाला नव्हता. शेवटी म्हणाले, "मंग तुम्हीच चाला."

मी बॅग उचलली. मग खाली ठेवली.

"आबा, माझं आडनाव तुम्हाला माहीत आहे. मी हात लावल्यावर जनावरावर काही शिंपडलं, तर मी तिथून सरळ पोलीस ठाण्यात जाईन. साक्षीदार मीच. चालत असेल तर येते."

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "चाला."

मी खांद्यापर्यंत हात घातला आणि मला कळलं, उशीर झालाय. रेडकू मेलेलं होतं. ते काढलं. म्हैस वाचली. तिला सलाईन लावून मी उठले. आबांची बायको दारात उभी होती, हात रिकामे. पाणी कुणी आणलं नाही. मी स्वतः हौदावर गेले, बादली भरली आणि त्यांच्या अंगणात उभी राहून हात धुतले. सावकाश.

सकाळीच मला बोलावलं असतं, तर रेडकू जगलं असतं. हे मी आबांना सांगितलं. साहेबांनाही सांगितलं.

"मला बाहेरच्या कामावर पाठवा," मी म्हटलं. "नाहीतर पाठवणार नाही असं लेखी द्या."

"वाद कशाला वाढवता?"

"वाद नाही. माझं काम मागतेय."

त्यांनी लेखी दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी बॅग घेऊन निघते. साहेब आता कामापुरतं बोलतात. शिपाई माझा चहा आणत नाही. काही गावांत मला बघून दार लावून घेतात. संध्याकाळी खोलीवर येते, भाकरी टाकते, एकटी जेवते. हे बदलेल असं मी धरून चालत नाही.

पण गोठ्यात शिरताना मी आधी पूर्ण नाव सांगते, आडनावासकट. मालक नको म्हणाला, तर त्याचं नाव, जनावर आणि वेळ लिहिते. खाली त्याची सही मागते. देत नसेल तर सही नाकारली असं लिहिते आणि पुढच्या गोठ्यात जाते. हे काम मी सोडणार नाही. ज्याला माझा हात नको असेल, त्यानं ते कागदावर सांगावं.