डीसीचा जाळ

"हात धुऊन घे रे बापू. साबन लावून धू."

मोर्शीजवळच्या संत्र्याच्या बागेत मालक आपल्या पुतन्याले असं म्हनला. माह्या तोंडासमोर. काहून? तं मी त्याचं मनगट धरलं होतं.

काहून धरलं, तेबी आयका.

मी सोलर पंपाची फिटर. अकोल्याच्या एका दुकानात लागून चारच महिने झाले होते. गिऱ्हाइकाची सही कामाच्या कागदावर आनली, तरच नोकरी पक्की. बागेत पोचली, तं मालकानं पयले आडनाव विचारलं. सांगतलं. त्याचं तोंड कडू झालं. "विहिरीच्या काठावर चढू नको," म्हने. आता पंप विहिरीत, मंग मी काय आभाळातून दुरुस्त करू?

पंप चालू होता, पन पानी येत नव्हतं. मी तपासलं. करंट बरोबर होता, खाली पंपाच्या जाळीत गाळ अडकला असन. तसं सांगतलं. पुतन्या अमरावतीचा इंजिनिअर. त्यानं आपला मीटर वायरले लावला. झिरो.

"करंटच नाई. खोटं बोलून राहिली हे."

अरे देवा! तो मीटर फक्त एसीचा. घरच्या लाइनीतला करंट सेकंदात शंभरदा दिशा बदलते, तेवढाच त्याले समजते. पॅनेलचा डीसी एकाच दिशेनं जाते. तो त्या मीटरले दिसतच नाई. सांगाले लागली, तं म्हने, "तू मले शिकवतं काय?"

आन चालू पंपावर, भर उन्हात, पॅनेलची जोडनी हातानं खेचाले गेला! एसीची ठिनगी दिशा बदलताना विझून जाते. डीसीचा जाळ विझत नाई, लांबत जाते. हात भाजून काढते. मी ओरडली, "सोडा!" आयकलं नाई. मंग धरलं मनगट.

तो हात धुऊन आला. मी माह्या हातातला डीसी मीटर लावला. "वाचा."

"सात अँपिअर," हळूच म्हनला.

पंप बंद केला. बागेतल्या गड्यांनी वर ओढला, मी गाळ काढला. पानी धो धो आलं. मालकानं सही केली आन कागद मातीत ठेवला. "उचल."

मी वाकली. खरं सांगतो, अर्धी वाकली. डोळ्यापुढं नोकरी होती. मंग लाज वाटली, मालकाची नाई, माही मलेच. सरळ उभी झाली.

"हातात द्या."

"हातात नाई भेटत."

"मंग राहू द्या तितंच."

अकोल्यात दुकानदार बोंबलला, "सही कुठी हाय?"

"मोर्शीत. मातीत."

नोकरी गेली. घरी येऊन रडली बी. पन सांगून ठेवतो. उद्या कोनाचाबी हात जळत असन, तं मी मनगट धरीन. आडनाव न विचारता धरीन. कागद मातीतून उचलनार नाई.