शामूदादाचा चढा सूर

"अगदी शामूदादाच वाजवतायत असं वाटलं हो!" आज दुपारी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, आणि मी गिटार खाली ठेवली.

शामूदादा पोलादपूरच्या गाण्यांच्या पार्टीत गिटार वाजवायचा. त्याचा सूर किंचित चढा लागायचा, रडून बसलेल्या गळ्यासारखा. महाडला घरी मी त्याची कॅसेट ऐकून ऐकून झिजवली, तारा बदलल्या, पण तो सूर काही निघेना. शेवटी त्याला गाठायला सव गावच्या गरम झऱ्यांवर गेलो. तो गरम कुंडात डावा हात बुडवून बसला होता. गंधकाचा वास नाकात भरला होता. मीही बोटं घातली आणि झटकन मागे घेतली.

"चटका बसला ना?" तो हसला. "मला काय कळत नाय रे. साखरेच्या आजारानं बोटं मेलीत. तार नीट दाबली का नाय तेच समजत नाय, म्हणून जोर लावतो. त्यानं सूर चढतो."

गुपित मिळालं म्हणून मी खुळ्यासारखा खूश होऊन परतलो. पण कितीही जोर लावला तरी बोटं दुखायची आणि आपोआप सैल पडायची.

आता माझीही साखर जुनी झाली. आज बोटं सैल पडली नाहीत. दुखलंच नाही.