तिचं न दुखणारं डोकं

तिचं डोकं कधीच दुखायचं नाही. नागपूरचा मे महिना, डोक्याला रुमाल नाही, पिशवीत कांदा नाही, अशी ती भर दुपारी पत्रकं वाटून यायची आणि भाकरीवर मिरचीचा ठेचा घेऊन कचाकचा जेवायची. संघटनेच्या कामातली माझी जोडीदार, भिवापूरची, मिरचीवाल्यांच्या घरची. मी कपाळ दाबत तिच्याकडे बघायची. जमिनीच्या वाटपावर, पाण्याच्या वाटपावर मी पत्रकं लिहिली होती. डोक्यांच्या वाटपावर कुणीच काही लिहीत नव्हतं.

आणीबाणी उठल्यानंतरचे ते दिवस. बोलायला बंदी नव्हती, त्यामुळे सगळेच बोलत होते. मी सोडून. इतवारीत तेलाच्या दुकानावरची एक खोली म्हणजे आमचं ऑफिस. कन्हानच्या बिडी वळणाऱ्या बायांची संघटना बांधायचं काम होतं. ठेकेदार बिड्या खराब म्हणून बाद करायचा, पैसे कापायचा आणि त्याच बाद बिड्या ठेवूनही घ्यायचा. ही सरळ चोरी आहे, असं मी छापील लिहिलं होतं. वाक्यं मी रचायची, स्टेन्सिल मी कापायची आणि सभेत उभी राहायची ती. माझीच वाक्यं वऱ्हाडीत फिरवून म्हणायची. टाळ्या तिला.

खोलीत एक रीत होती. सभेला निघण्याआधी सगळ्यांना चहा आणि चहासोबत डोकेदुखीची एकेक गोळी. दुखत असो, नसो. आमचे ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, ते म्हणायचे, "लढाईले निघाले तं आधी जेवून घ्या लागते का नाही?" आम्हाला ते पटायचं. ती एकटीच गोळी परत करायची. "मले काहून? माहं तं दुखतच नाही."

मी मात्र सभेआधी घ्यायची, मग पत्रक लिहिण्याआधीही घ्यायला लागले आणि शेवटी सकाळी डोळे उघडल्या उघडल्या, कारण उठतानाच कपाळात घण पडत असायचे. गोळी घेतली की दुपारपर्यंत निभायचं. दुपारी पुन्हा गोळ्यांचा डबा उघडायचा. दोष मी शाईच्या वासाला दिला, उन्हाला दिला, ठेकेदारालाही दिला.

आणि अशात भाऊंनी एकदा सांगितलं, "कन्हानच्या बाजाराच्या दिवशी या वेळी तू बोलजो." मी! किती दिवस याची वाट पाहिली होती. त्याच आठवड्यात कामठीहून परत येताना मी बसच्या खिडकीतून उलटी केली. तिनं मला दंड धरून सीताबर्डीवरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी फार तपासलंच नाही. गोळ्या किती, कधीपासून, एवढंच विचारलं. म्हणाले, "आता या गोळ्याच तुझं डोकं दुखवताहेत. बंद कर. आधी आणखी दुखेल, थोडे दिवस. मग उतरेल."

मी पेटले. "म्हणजे गरिबानं दुखू द्यायचं आणि गप्प बसायचं, असंच ना?"

"भाषण बाहेर दे," ते म्हणाले. "आणि डबा घरी ठेवू नकोस."

मी ठरवलं होतं, बंद करीन, पण सभा झाल्यावर. तिनं बाहेर पायरीवरच माझ्या झोळीतून डबा काढून स्वतःच्या पिशवीत टाकला. "आता हे माह्यापाशी राहीन."

मला त्या क्षणी एकच गोष्ट कळली: हिला माझं भाषण हवंय.

पुढचे दिवस मी ओढणी कपाळाला करकचून बांधून काढले. उजेड नको, तेलाचा वास नको, कुणाचा आवाज नको. आणि ती शेजारी बसून गुणगुणत कागद मोजायची. दुकानात गोळी मिळत होती, कोपऱ्यावरच. मी गेले नाही. डॉक्टरांवर विश्वास होता म्हणून नव्हे. ती मला बघून हसेल म्हणून.

बाजाराच्या दिवशी कन्हानला उतरलो तेव्हा डावा डोळा उघडत नव्हता. चहाच्या टपरीमागे मी तिला गाठलं.

"डबा दे."

"काहून वं?"

"मला बोलायचंय आज. नाटक करू नकोस."

तिनं गोळी काढून तळहातावर धरली. "घे. कोणं अडवलं तुले? पण उद्या मले डबा सांभाळाले सांगू नको. मी काही तुही सासू नाही."

गोळी तिच्या हातावर तशीच राहिली. मी तशीच जाऊन बाजेवर उभी राहिले, तेच आमचं व्यासपीठ. "बहिणींनो, ही सरळ चोरी आहे" म्हटलं, आणि पुढचं सगळं पुसून गेलं. खाली उतरून मी कडुनिंबाला टेकून बसले. ती चढली. माझं भाषण तिला पाठ होतं, आणि जिथं विसरली तिथं तिनं माझ्यापेक्षा चांगलं काहीतरी म्हटलं: "वापस देत नाही तं बाद कायची?" बाया उठून उभ्या राहिल्या. ते वाक्य आज आमच्या प्रत्येक पत्रकावर असतं. मीच छापते.

पुढे एका सकाळी उठले आणि बराच वेळ कळेना काय हरवलंय. कपाळ गप्प होतं. पहिला विचार आला, आता बोलते मी.

पुढच्या खेपेला ती भिवापूरला मिरची तोडायला गेली होती. मी एकटीच कन्हानला गेले. बाया इकडेतिकडे बघू लागल्या. सुपात तंबाखू घेऊन बसलेली एक पोक्त बाई म्हणाली, "ते पोरगी काहून नाही आली?"

माझ्या तोंडून निघालं, "तिचं डोकं दुखून राहिलं."

बाईनं पदराची गाठ सोडली. आत गोळी होती. "हे दे तिले. मी तं रोज घेतो, उठल्या उठल्या. त्याबिगर हातच चालत नाही."

"रोज?"

"रोज. या सगळ्याच घेतात."

मग काय करणार? मी त्या बाजेवर चढलेच नाही. सुपाशेजारी बसले आणि खोटं मागे घेतलं. तिचं नाही, माझं दुखायचं, म्हटलं. उठताना कसं, दुपारी कसं, गोळीनं गोळी कशी मागितली, बंद केल्यावर काय झालं, सगळं सांगितलं. बिड्या वळणारे हात थांबले होते. माझ्या बोलण्यानं थांबलेले पहिले हात.

"आन तुहा डबा कोणं लपवला मंग?" बाईनं विचारलं.

"तिनंच."

"पाहा वं!" ती बाकीच्यांकडे वळली. "मोठी हुशार हाय वं ते पोरगी. पुढच्या बाजाराले तिले घेऊन ये."