आत्याच्या जन्माची ओळ

समस्त भाऊबंद, सोयरे आणि शेजारीपाजारी यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या घराण्याच्या सचित्र पोथीची मालकी अखेर निश्चित झाली आहे. ती आता विजयदुर्गच्या खाडीकडे आहे. कुणाची हरकत असल्यास ओहोटी पाहून नोंदवावी.

पोथी स्तोत्रांची, हाताने लिहिलेली. पहिल्या अक्षरांना सोन्याचं पाणी, कडेने वेलबुट्टी, मधेच एक गणपती. त्याची सोंड कुण्या पूर्वजाने गुळाचा हात लावून कायमची चिकट केलेली. खारेपाटण, ओरोस आणि विजयदुर्ग अशा आमच्या तीन घरांत ती एकेक वर्ष फिरायची. त्या वर्षी त्या घरात जे मूल जन्मेल ते समासात लिहायचं, ही रीत.

मागे एकदा मी मोबाइलवर इंग्लंडातलं मध्ययुगातलं एक प्रार्थनेचं पुस्तक बघत बसलो होतो. कुठल्याशा ग्रंथालयाने पान न् पान मांडलेलं. तिथेही सोनं, वेली, आणि समासात ते ज्यांच्या ज्यांच्या घरी गेलं त्यांची नावं, पोराबाळांचे जन्म. मी हरखून आत्याला दाखवायला गेलो. म्हटलं, बघ, साहेबाचे पूर्वजही आपल्यासारखेच.

आत्या ऐंशीच्या पुढची. चष्मा लावून तिने पान निरखलं आणि म्हणाली, "माझ्या आवशीन पण असोच माझो जलम लिवलेलो. माका ता पान बघूचा आसा."

आत्या रांगत होती तेव्हाच तिची आई गेली. फोटो नाही, लुगड्याची चिंधीसुद्धा नाही. त्या बाईचं या जगात उरलेलं काही असेल तर ती एक ओळ. आत्याने ती लहानपणी पाहिलेली, पण तेव्हा तिला वाचता येत नव्हतं.

पोथीचं फिरणं आत्याच्या लहानपणीच बंद पडलं, तेव्हापासून ती विजयदुर्गच्या चुलतभावाच्या घरीच होती. आम्ही एसटीने निघालो. वाटभर आत्या मला कोपराने ढोसत होती. "माझा नाव लिवल्यान आसतला काय रे? की नुसता 'चेडू झाला'?"

"सोन्याच्या अक्षरात आसतला," मी म्हटलं. श्रोता मिळाला की खोटं बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

पोथीचं नाव काढताच भावाचा चेहरा उजळला. "वाळवी लागली होती गो आते. अर्धो भुगो. जीर्ण पोथी घरात ठेवूची नाय, म्हणान खाडयेत सोडलंय. सगळा रीतीन केलंय. पिवळो फडको, हळद-कुंकू, नारळ."

पुरावा म्हणून त्याने मोबाइलवर चित्रीकरण लावलं. हा कमरेइतक्या पाण्यात, डोळे मिटून उभा. पोथी दोनदा वर आली. दोन्ही वेळा त्याने तिला नमस्कार केला आणि तळहाताने खाली दाबली.

आत्याने ते शेवटपर्यंत पाहिलं. मग विचारलं, "समासातला वाचललंस?"

"नाय."

"त्यात माझ्या आवशीचा अक्षर होता रे. एकच ओळ."

भाऊ तसा वाईट माणूस नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याचा हात धरून तो कळवळून बोलून गेला, "आधी सांगलेला असतंस तर तेवढा पान फाडून ठेवलं असतंय गो."